रानपिंगळ्याची साक्ष

दुर्मीळ पक्षी पाहिल्याचे कोणी सांगावे आणि जाणत्यांनी लागलीच पुरावा मागावा, की सांगणाऱ्याला राग येतो. ‘मी काय खोटे बोलतो?’ असे तो विचारतो. राग स्वाभाविक खरा. पण तो योग्य नव्हे. शंका त्याच्या सचोटीविषयी नसते, डोळ्यांविषयी असते. आणि डोळे सज्जनालाही फसवतात.

रानपिंगळ्याचेच उदाहरण घ्यावे. गावोगावच्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. पंखांवर व शेपटीवर पांढरे रुंद पट्टे असतात. तिन्हीसांजेला उंच फांदीवर बसलेल्या पक्ष्यात एवढा भेद कोणाला कळणार?

ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने जमले. शेवटचा डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवला. पुढे तो दिसल्याच्या वार्ता अधूनमधून येत. तपासावे, तो बहुधा साधा पिंगळाच निघे! सलीम अलींसारख्या थोर अभ्यासकालाही तो सापडला नाही.

मात्र एक नोंद सर्वांनी खरी मानली होती. गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ १९१४ साली हा पक्षी मिळवल्याचे कर्नल माइनर्ट्झहागेन सांगत. त्यांची ख्याती मोठी; शिवाय पेंढा भरलेला पक्षी आणि त्याच्या पायाची चिठ्ठी समोर होती. मग शंका कोण घेणार? पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी ती घेतली. त्यांनी क्ष-किरणांनी तो नमुना तपासला. तो नव्याने भरलेला होता. पण कातडे तयार करण्याची मूळ धाटणी डेव्हिडसन यांची होती. ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरलेल्या पक्ष्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. त्या एका चिठ्ठीने कित्येक शोधकांना भलत्याच रानात धाडले. पक्षी नष्ट झाला असावा, असे लोक म्हणू लागले, ते उगीच नव्हे.

नोंद पारखताना नावाला वजन नसावे, ते याचसाठी. दिवस, वेळ, ठिकाण, उजेड, अंतर, पक्ष्याचे रंग, आवाज व हालचाल, हे सारे त्या जागीच वहीत उतरवले असेल, तर शाळकरी मुलाची वहीही कर्नलच्या शब्दाहून भारी ठरावी. उलट, परीक्षकांनीही नकाराची कारणे सांगावीत. ‘अस्वीकृत’ म्हणजे ‘असत्य’ नव्हे. केवळ पुरावा अपुरा, एवढाच त्याचा अर्थ. हे न सांगता नुसती मान हलवणारे परीक्षकही थोडे नसतात, आणि त्यांच्यामुळे एखादा चांगला निरीक्षक कायमचा गप्प बसतो.

मांडवीची नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, भर उजेडात, उघड्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. डोके बिनठिपक्यांचे होते! पक्षी ११३ वर्षांनी भेटत होता. तरी आनंद आवरून त्यांनी आधी त्याचे चित्रण केले.