मारणारा वेडा नसतो, बाई!

काही महिन्यांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक जोडपं आलं. तक्रार तिची होती, म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं. तो वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. ती मात्र बसल्या जागी चुळबुळत होती. बोलता बोलता रडायची, मध्येच आवाज चढायचा, तारखा चुकायच्या. त्याने शांतपणे फाइल माझ्यापुढे सरकवली. आत झोपेच्या गोळ्यांची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती. "मॅडम, मी काय सांगू? सायको आहे ती. तुम्हीच बघा."

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? क्षणभर मीही तिच्याकडे त्याच नजरेने बघितलं. इतकी वर्षं या कामात असूनही!

ही नजर आली कुठून? 'सायको' हा शब्द त्याने डॉक्टरकडून ऐकलेला नव्हता. तो सिनेमातून आलेला शब्द. हिचकॉकचा 'सायको' १९६० सालचा. त्यातला तरुण मेलेल्या आईचे कपडे चढवून खून करतो. म्हणजे वेड मुलाचं आणि खापर आईच्या माथी! तिथपासून आपल्या हिंदी रहस्यपटांपर्यंत वेड कुणाला लागतं आणि कुणाचं वेड कसं दाखवतात, याचे काही नियमच ठरून गेले आहेत. ते एकदा नीट बघायला हवेत.

पहिला नियम: खात्यापित्या घरातल्या पुरुषाचं वेड म्हणजे प्रेम. 'डर' (१९९३) आमच्या वस्तीतल्या गटाने एकत्र बसून पाहिला. राहुल हा नौदलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. किरणचा तो पाठलाग करतो, फोन करून तिचं जगणं नकोसं करतो, तिचं नाव स्वतःच्या छातीवर सुरीने कोरतो. मेलेल्या आईशी फोनवर बोलतो. शेवटी तो मरतो, पण सिनेमा संपल्यावर आमच्यातल्याच दोघीतिघी म्हणाल्या, "बिचारा!" किरणला कुणी बिचारी म्हटलं नाही.

आता 'दुश्मन' (१९९८) आठवा. त्यातला बलात्कारी आणि खुनी गोकुळ पंडित टपाल वाटणारा आहे. त्याची कणव कुणाला येऊ नये अशीच सगळी मांडणी. गुन्हा भयंकर आहे, त्याची गय करावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण बंगल्यातल्या मुलाच्या वेडाला आई असते, दुःख असतं, गाणी असतात. सायकलवरून येणाऱ्याचं वेड म्हणजे नुसतं जनावर. असं का?

दुसरा नियम: बायकोला मारणारा नवरा मनाने आजारी असतो. 'अग्निसाक्षी' (१९९६) मध्ये नाना पाटेकरांनी असा संशयी, मारकुटा नवरा उभा केला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. काम जबरदस्त आहे. घरातल्या मारहाणीवर मोठ्या पडद्यावर कुणी बोललं, हेही चांगलंच झालं. पण तो नवरा इतका टोकाचा की प्रेक्षागृहातला प्रत्येक नवरा निश्चिंत होऊन घरी जातो. 'आपण काही तसले नाही बुवा!'

आमच्या केंद्राचा अनुभव वेगळा आहे. येणारे बहुतेक नवरे चांगले शुद्धीवर असतात. साहेबाने कितीही अपमान केला तरी साहेबावर हात उचलत नाहीत. दार लावून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मारतात. कुठे मारलं म्हणजे वळ दिसणार नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. याला वेड म्हणायचं? हा तर हिशेब झाला! मारणारा वेडा नसतो, बाई. आपल्याला कुणी जाब विचारणार नाही, याची त्याला पुरेपूर खात्री असते.

तिसरा नियम मला सगळ्यात जास्त खुपतो. बाईची भीती खोटी असते. राम गोपाल वर्मांचा 'कौन' (१९९९) घ्या. मोठ्या बंगल्यात एकटी बाई, बाहेर वादळ, टीव्हीवर खुन्याची बातमी आणि दारात एक अनोळखी पुरुष. घंटा वाजते तेव्हा तिच्या पोटात जो गोळा येतो, तो आपल्यापैकी प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. पण शेवटी कळतं की खुनी तीच. तिला नाव नाही, पूर्वायुष्य नाही, तिच्या वेडाला कारण नाही. दीडदोन तास जी भीती आपण तिच्याबरोबर भोगली, ती कपटी ठरते. सिनेमा म्हणून ही कलाटणी चलाख आहे, मान्य. पण घाबरलेली बाई चौकीत जाते तेव्हा समोरच्याच्या डोक्यातही हीच कलाटणी तयार असते. 'हिचंच काहीतरी असेल.'

आणि गरीब बाईचं वेड? ते रहस्यपटात जवळजवळ नसतंच. असलंच तर मागे, इस्पितळाच्या गजांआड, केस पिंजारून हसणाऱ्या गर्दीत. प्रत्यक्षात ही गर्दी कोण असते? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पळता येत नव्हतं म्हणून मेले. खरं भय बघायचं तर ते इथे आहे. मनोरुग्ण माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा तोच मार खातो, उपाशी राहतो, टाकून दिला जातो. बाई असेल तर माहेरही दार लावून घेतं.

कायदा याबाबतीत सिनेमापेक्षा पुढे गेला आहे. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही म्हणतो की आजाराचं निदान झालं म्हणून कुणी आपोआप 'वेडसर' ठरत नाही. झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर बाईला वेडी ठरवणाऱ्यांना हे ठणकावून सांगता येतं. आपल्या कार्यकर्त्यांना मात्र ते पाठ हवं.

आणि बोट स्वतःकडेही वळवू या. बलात्काराच्या निषेधाच्या मोर्चात 'विकृत', 'मनोरुग्ण' असे शब्द आपणच फलकांवर लिहितो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. गुन्हेगाराला आजाराची सबब मिळते आणि खरोखर आजारी असलेल्या आपल्या मैत्रिणींवर गुन्हेगाराचा शिक्का बसतो.

सिनेमे बघू नका असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला रहस्यपट फार आवडतात! पण गटात बघा आणि नंतर थोडं बोला. इथे वेडं कोण ठरलं? ते कुणी ठरवलं? त्याने फायदा कुणाचा झाला? 'जजमेंटल है क्या' (२०१९) यासाठी घेण्यासारखा आहे. त्यातली नायिका मनोरुग्ण आहे, म्हणून तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि संशय तिचाच खरा निघतो.

त्या दिवशी मी ती फाइल बंद करून त्याला परत दिली, त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, "गोळ्या कधीपासून घ्यायला लागलात?"

ती म्हणाली, "रात्री झोपेत मारायचा. तेव्हापासून झोप लागेना, म्हणून."

तारीख तिला बरोबर आठवत होती.

तुमच्या केंद्रांत, गटांत असे अनुभव आले असतील. जरूर लिहा.