गिऱ्हाईक परत पाठवण्याचा हक्क

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, लेकवूडच्या एका बेकरीवाल्याने २०१२ मध्ये दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला. असे लग्न त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नव्हते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि श्रद्धेपोटी गिऱ्हाईक नाकारण्याची मुभा मिळाली, असा अनेकांचा समज झाला. तशी मुभा मिळाली नव्हती. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्माविषयी आकस दाखवला, एवढ्याच मुद्द्यावर तो निकाल उभा होता.

नकाराचे समर्थक म्हणतात, दुकान माझे, मेहनत माझी. मनाविरुद्ध राबायला लावणे ही वेठबिगारीच. शिवाय एकाने नाकारले तर शेजारी दुसरे दुकान आहेच.

शेजारच्या दुकानाचा हा भरवसा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना कधी मिळाला नाही. एकाचा नकार साऱ्या बाजारपेठेची रीत झाला होता. कुठे जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल हे सांगणारी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका १९३६ पासून निघत होती, कारण तिच्यावाचून प्रवासाला निघणे धोक्याचे होते. बाजार आपोआप सुधारतो म्हणणाऱ्यांनी ती पुस्तिका तीस वर्षे का लागली, याचे उत्तर द्यावे.

श्रद्धेचा दाखलाही नवा नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या 'पिगी पार्क' उपाहारगृहांच्या मालकाने कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढणे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे न्यायालयात सांगितले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव उघडउघड पोकळ ठरवला. त्याची श्रद्धा प्रामाणिक असेलही. पण तिची किंमत दारात उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाने का मोजायची?

मग दुकानदाराच्या मनाला काहीच मोल नाही का? आहे, आणि ते जपलेच पाहिजे. बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाचा पुरस्कार करणारा मजकूर केकवर लिहायला नकार दिला, तेव्हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एकमताने बेकरीची बाजू घेतली. तो मजकूर त्यांनी कुणासाठीच लिहिला नसता. नकार वाक्याला होता, माणसाला नव्हता. त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये कॉर्नवॉलच्या एका निवासगृहाला मात्र दोषी धरले होते, कारण तिथे समलिंगी जोडप्याला खोलीच नाकारली होती. सीमारेषा इथेच हवी. न पटणारे लिहायला कुणाला भाग पाडू नये. दंगा करणाऱ्याला, पैसे बुडवणाऱ्यालाही खुशाल बाहेर काढावे. पण गिऱ्हाईक कोण आहे, एवढ्यावरून दार लावता येऊ नये.

भारताने हे फार आधी ओळखले. संविधानाचा अनुच्छेद १५(२) धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून दुकान, उपाहारगृह किंवा हॉटेलात कुणालाही अडवू देत नाही. १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दात लॉन्ड्री, केशकर्तनालय येते का, असे विचारले गेले. अटी मान्य करून येणाऱ्याला जिथे सेवा दिली जाते ते दुकान, असा व्यापक अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावला. गावच्या न्हाव्याने खुर्ची नाकारली की काय होते, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी माल वा सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला.

घरांच्या बाजारात मात्र हे संरक्षण लंगडे पडते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. मुंबईत मांसाहारी किंवा मुसलमान म्हणून जागा नाकारली जाते आणि कारण 'आमच्या भावना' हेच असते. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. तोच न्याय मुसलमान, दलित, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि समलिंगी जोडपी या सगळ्यांना लागू करणारा घरभाड्याचा आणि घरविक्रीचा कायदा विधिमंडळाने करावा, ही मागणी त्याच वेळी तितक्याच जोराने व्हायला हवी होती.