दोऱ्यात काटकसर नको

गोधडीवर लेख आहे म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटते, आता आजीची माया आणि तिची ऊब येणार. मला त्याविषयी लिहावयाचे नाही. मला लिहावयाचे आहे ते दोऱ्याविषयी. गोधडीचे कापड जुनेच असते, ते घरात निघते. विकत आणावा लागतो तो एकटा दोरा, आणि नेमकी तिथेच आपण काटकसर करतो. ही काटकसर शेवटी महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी आई धरणगावात लोकांच्या गोधड्या शिवून देते. शेतातली मजुरी सांभाळून हाताने धावदोरा घालीत एक मोठी गोधडी पुरी करायला तिला पंधरा-वीस दिवस लागतात. दोरा बहुधा गिऱ्हाईकच आणून देते, आणि तो दुकानातला सर्वांत स्वस्त असतो. वर्षभरात चार वेळा गोधडी धुतली, आपटली की टाके सुटू लागतात. तेव्हा दोरा वाईट होता असे कोणी म्हणत नाही. शिवण कच्ची होती असे म्हणतात. दोष आणणाऱ्याचा आणि बोल शिवणारीला! पुढच्या गोधडीच्या मजुरीत घासाघीस होते ती याच बोलाच्या आधारावर. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आपण कापसाच्या मुलखातली माणसे. कापूस घेताना व्यापारी काय करतो हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ढिगात हात घालून तो मूठभर कापूस काढतो, चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी पाहतो आणि मगच भाव बोलतो. लांब धागा म्हणजे साधारण साडेसत्तावीस ते बत्तीस मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशातील आखूड धाग्याचा कापूस मागे पडून हिंगणघाटी बियाणे पेरले जावे म्हणून सरकारने खटपट केली. कापसातील भेसळ रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली कायदाही झाला. आपला कापूस घेताना जग इतके चोखंदळ! मग त्याच कापसाचा दोरा घेताना आपणच डोळे का मिटावेत?

दोऱ्याची परीक्षा घरच्या घरी होते. वीतभर दोरा उजेडात धरावा. मध्येच जाड, मध्येच बारीक दिसला, किंवा अंगावर फार लव असली, तर तो आखूड तंतूंचा समजावा. पीळ उलगडून किती पदर आहेत ते पाहावे; तीन पदरी दोरा दोन पदरीपेक्षा गोल आणि एकसारखा असतो. टोक पेटवून पाहावे. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. रंगीत दोरा ओला करून पांढऱ्या कापडावर घासावा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हाने विटलेले रीळ कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

राहिला रिळावरचा नंबर. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे आकडा मोठा तसे सूत बारीक. माझी आई शाळेत गेलेली नाही. ती दोरा दोन बोटांत फिरवते आणि सांगते, हा बारीक पडेल. मग मी रिळावरचा आकडा वाचते, आणि तो तेच सांगत असतो.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? पॉलिएस्टरचा दोरा घ्या, तो तुटतच नाही. खरे आहे. दप्तराला, पिशवीला, मशीनवरच्या शिवणीला तो उत्तमच. सिंथेटिक साड्यांच्या गोधडीलाही चालेल. पण धुऊन धुऊन विरलेल्या सुती लुगड्यात तो घातला आणि ताण बसला, तर दोरा टिकतो आणि कापड फाटते. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. टाक्यांच्या रेषेवर कापले गेलेले लुगडे पुन्हा धड होत नाही. म्हणून जुन्या सुती कापडाला चांगला सुती दोराच हवा. चांगला म्हणजे लांब तंतूचा, एकसारखा, नीट पिळाचा, आणि कापडाहून थोडा नरमच. सर्वांत बळकट दोरा सर्व ठिकाणी चांगला असतो, हा आपला गैरसमज आहे.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला कुशल आणि अकुशल श्रम शिकवतात. कापड पाहून दोरा ठरवणारी, आकडा न वाचता नंबर ओळखणारी बाई यांपैकी कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांना आदराने विचारू इच्छिते. शाळेचा दाखला नाही म्हणून तिला अकुशल म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचाच अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना एकच विनंती. यंदा थंडीपूर्वी तुमच्या घरून गोधडी शिवायला टाकणार असतील, तर दोरा शिवणारीलाच निवडू द्या. त्याचे पैसे मजुरीतून न कापता वेगळे द्या. तीन आठवड्यांच्या कामापुढे ते पैसे फार नसतात.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला