‘गाठ आहे’ म्हणण्याआधी तिला विचारा

बाईच्या हातातून भांडे निसटले तर ती वेंधळी. पाय लटपटला तर कमजोरी. बाळंतपणानंतर अंधुक दिसू लागले तर रक्त कमी. यातले काहीच लागू पडले नाही तर ‘टेन्शन’. केसपेपरवर हे शब्द नसतात, पण निदान म्हणून चालतात तेच.

खडवलीच्या आमच्या गटातल्या तिशीतल्या एका बाईच्या एका डोळ्याला लाल रंग फिका दिसू लागला. डोळा फिरवला की दुखे. महिन्याभरात बरे वाटले. पुढच्या वर्षी कमरेखाली बधिरपणा आला, तोही ओसरला. दोन्ही वेळा टॉनिक मिळाले. तिसऱ्यांदा उजवा हात लुळा पडला तेव्हा कुठे स्कॅन झाला. त्यात मोठा डाग दिसला आणि एका खाजगी रुग्णालयात पाच मिनिटांत निकाल लागला : ब्रेन ट्यूमर, ऑपरेशन. आधीच्या दोन दुखण्यांविषयी कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही, कारण ती ‘दुखणी’ होती असे तिला कोणी मानूच दिले नव्हते. आठवड्याभरात सासरच्यांनी तिला माहेरी पोचवले. पुढे मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टने सगळी हकिगत ऐकली, तपासण्या करून घेतल्या. आजार निघाला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांना पुरुषांच्या दुपटी-तिपटीने होतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत झटक्यांचा धोका वाढतो. झटका काही दिवस, काही आठवडे टिकतो, ओसरतो आणि पुढे दुसऱ्याच जागी उमटतो. ट्यूमरची लक्षणे सहसा चढत जातात : सकाळची डोकेदुखी, उलट्या, फिट.

पण कधीकधी एमएसचा डाग दोन सेंटिमीटरहून मोठा असतो आणि फिल्मवर गाठीसारखाच दिसतो. आपल्याकडे क्षयाची गाठही तशीच दिसू शकते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर डागाभोवती अर्धवट उघडी कडी दिसली तर एमएसचा संशय बळावतो, खात्री होत नाही. त्यासाठी मणक्याचा एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी, गरज पडल्यास पुन्हा स्कॅन. तरीही शंका उरली तर तुकडा काढून तपासावा लागतो. उलटी चूकही जिवावर बेतते. स्टिरॉइडने मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोगही काही काळ आक्रसतो. म्हणून इंजेक्शनने बरे वाटले एवढ्यावर एमएसचा शिक्का मारता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, ओपीडीत एवढी गर्दी, हकिगत ऐकायला वेळ कुठला? मैत्रिणींनो, हा युक्तिवाद मान्य करू नका. स्कॅनला हजारो रुपये पडतात. ‘यापूर्वी कधी असे झाले होते?’ हा प्रश्न फुकट आहे. आणि तो न विचारण्याची किंमत डॉक्टर नव्हे, बाई मोजते.

ही खोड जुनी आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे चित्र स्पष्ट मांडले. पुढे त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांनी भरसभेत बायकांचा ‘हिस्टेरिया’ दाखवला. हिस्टेरियाचा तो शब्द मागे पडला. आता त्या जागी ‘टेन्शन’ आहे.

दुसरा प्रश्न घराचा. ‘डोक्यात गाठ’ हे शब्द सासरी पोचले की बाईचे सामान बाहेर येते. हिंदू विवाह कायद्याच्या घटस्फोटाच्या कारणांत ना ट्यूमर आहे, ना एमएस. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने तर एमएसला अपंगत्वाच्या यादीत घेतले आहे. प्रमाणपत्र मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे. आपल्या किती गटांना हे ठाऊक आहे?

म्हणून प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. बधिरपणा, अंधुक दिसणे, तोल जाणे : कोणाला, कधी, किती दिवस. बरे वाटले तरी लिहावे. जुन्या फिल्म फेकू नयेत. तातडीचा धोका नसेल तर ऑपरेशनच्या कागदावर अंगठा किंवा सही देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टचे मत मागावे आणि सोबत गटातल्या दोघीजणींनी जावे. खडवलीहून लोकलने मुंबई गाठायला बाईचा पूर्ण दिवस जातो, मजुरी बुडते. ही सोय जवळच्या सरकारी रुग्णालयात ठरावीक वारी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू.

बाईचे दुखणे बाईच्या तोंडून ऐकून घेणे हा निदानाचाच भाग आहे. तो टाळणाऱ्या डॉक्टरला आपण जाब विचारलाच पाहिजे.