पाळीचे दुखणे आतड्यात असते तेव्हा



कापसाच्या साहेबाने हा विषय कशाला काढला, असे तुम्ही म्हणाल. वेचणीच्या दिवसांत कंबर धरून बांधावर बसलेल्या बाया मी पाहतो. "पाळीत दुखायचेच," असे म्हटले की बोलणे संपते. पण दर पाळीला शौचाच्या वेळी जीव जात असेल, कधी रक्त पडत असेल आणि पाळी सरली की सारे थांबत असेल, तर मूळव्याध समजून झाडपाला घेत बसू नये.

गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर भलत्या जागी रुजते, त्याला डॉक्टर एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा विकार आहे. त्यांतल्या काहींच्या आतड्यावर गाठ धरते. ती बाहेरून आत शिरते, म्हणून आतड्यात दुर्बीण घातली तरी पुष्कळदा सारे निर्मळ दिसते.

बोंडअळीसाठी आपण एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहतो. माणसाचे पोट तसे फोडता येत नाही. तेथे सोनोग्राफी आणि एमआरआय कामी येतात. सोनोग्राफी म्हटले की लोकांना मुलगा-मुलगीच आठवते. ती तपासणी १९९४ च्या कायद्याने बंद आहे, ही वेगळी. ही बहुधा योनीमार्गे करतात, बाई डॉक्टर मागायला संकोच नको. मुलगी अविवाहित असेल तर एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक असते. मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून ठेवावीत.

गाठ किती लांब, आतड्याच्या स्नायूत किती खोल, गुदद्वारापासून किती वर, मूत्रनळीला धरले आहे का, हे त्यात मोजतात. वरवरची असेल तर खरवडून निघते. तीन सेंटीमीटरच्या आतली असेल तर तेवढीच चकती कापतात. मोठी असेल किंवा अनेक असतील तर आतड्याचा तुकडा काढून टोके जोडतात. जोड फार खाली आला तर काही महिने पोटावर पिशवी लागू शकते. हे आधी कळले तर आतड्याचा सर्जन हजर ठेवता येतो, आणि घरच्यांना पेरणी-वेचणीचा मेळ घालता येतो.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. पुष्कळींचे गोळ्यांवर भागते. मात्र त्या चालू असताना सहसा दिवस जात नाहीत, तेव्हा मूल हवे असल्यास आधीच सांगावे.

यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. तेथील स्त्रीरोग विभागात प्रथम दाखवावे. जाताना तीन-चार महिन्यांच्या पाळीच्या तारखा व दुखण्याचे दिवस लिहून न्यावेत, जशी आपण फवारणीची नोंद ठेवतो. जुन्या फिल्म असतील तर त्याही न्याव्यात, घडी न घालता.