मोटारीच्या रंगावरची राख आणि हिशेबाबाहेरचा खर्च

शिकागो, डेट्रॉइट किंवा टोरोंटो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यातील एक खर्च चांगला ठाऊक असतो. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तेथील यंत्रणा मीठ पसरतात. त्याचे खारे पाणी मोटारीच्या तळाला, दारांच्या कडांना आणि खडी लागून टवके उडालेल्या जागांना चिकटते व पोलादाला गंज चढू लागतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अशा गंजाच्या दुरुस्तीवर अमेरिकेतील वाहनधारकांचे वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च होत होते. रस्ता सुरक्षित ठेवण्याची ही किंमत आहे, हे तेथे उघडपणे मोजले आणि मान्य केले जाते.

गोंदिया जिल्ह्यात बर्फ पडत नाही आणि रस्त्यांवर मीठही टाकले जात नाही. तरीही विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत वारंवार झळकणाऱ्या या जिल्ह्यात हिवाळा हाच मोटारीच्या रंगाच्या कसोटीचा काळ असतो. येथे मिठाची जागा राख आणि भाताच्या तुसाने घेतली आहे. फरक एवढाच, की या हानीचा हिशेब कोणीही ठेवत नाही.

भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. खरिपाचा भात घरात आल्यानंतर भरडाईचा हंगाम सुरू होतो, तो नेमका थंडीच्या दिवसांत. एक क्विंटल भातामागे साधारण २० किलो तूस निघते. उकडा तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांत ते बॉयलरसाठी जाळले जाते आणि २० किलो तुसामागे सुमारे ४ किलो राख उरते. या राखेचा ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक असतो. दुसरीकडे तिरोडा येथे ६६० मेगावॉटचे ५ संच असलेला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते. धुरातील बहुतेक राख यंत्रांद्वारे पकडली जात असली, तरी तिची साठवण आणि वाहतूक हा कोणत्याही कोळसा प्रकल्पाचा कायमचा प्रश्न राहतो.

थंड रात्री जमिनीलगतची हवा वर चढत नाही, त्यामुळे धूळ व राख खालीच रेंगाळते. पहाटे दव पडते आणि ही राख उघड्यावरील मोटारीच्या टपावर ओल्या पापुद्र्यासारखी बसते. मोटारीचा संपूर्ण रंग जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातील वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. सकाळी कोरड्या फडक्याने काच व टप पुसण्याची सर्वत्र आढळणारी सवय येथे घातक ठरते, कारण सिलिकायुक्त कण फडक्याखाली पॉलिश पेपरचे काम करतात. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे ही त्याचीच खूण होय.

उपाय साधे आहेत. गाडीला हात लावण्यापूर्वी भरपूर पाण्याने राख वाहून जाऊ द्यावी. धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण न वापरता मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू, मायक्रोफायबरचे कापड आणि खळखळण्यासाठी वेगळी बादली वापरावी. बोअरचे जड पाणी अंगावर वाळू दिल्यास क्षारांचे डाग उरतात, म्हणून गाडी सावलीत धुऊन लगेच टिपावी. चिकटून बसलेले कण क्ले बारने निघतात. पॉलिशने ओरखडे झाकले जातात खरे, पण प्रत्येक वेळी पारदर्शक थर थोडा झिजतो. त्यामुळे ते वारंवार करू नये. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हात द्यावा. टवका उडालेल्या जागी टच-अप रंग तत्काळ लावावा. सिरॅमिक कोटिंगमुळे धुणे सोपे होते, मात्र खडीच्या माऱ्यापासून ते बचाव करीत नाही.

परंतु हे सारे उपाय वाहनमालकाच्या खिशातून होतात आणि प्रश्न सुरू होतो तो येथेच. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक प्रकल्पांना राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. वापरात न आलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा होते. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात आहे. पण ज्याच्या अंगणात राख पडते त्या नागरिकाचे नुकसान मोजण्याची तरतूद त्यात नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातील बहुतांश औष्णिक संचांना, धुराड्याच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर, गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा बसविण्यातून सूट दिली. देशी कोळशात गंधक कमी असते, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नाही. तथापि हेच वायू ओलाव्यात मिसळून आम्ल बनतात आणि आम्ल रंगाला खाते, हे रसायनशास्त्र अधिसूचनेने बदलत नाही.

गिरण्यांनी बॉयलरच्या धुराड्यावर राख पकडणारी साधने चालू ठेवणे, राखेचे ढीग ओले व झाकलेले ठेवणे आणि ट्रकवर ताडपत्री नीट बांधणे यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, नियमित तपासणीची आहे. नगर परिषदेने मुख्य रस्ते झाडण्याआधी पाणी शिंपडले, तरी रस्त्यावर साचलेली राख पुन्हा हवेत उडणे बरेच कमी होईल.

मोटारीचा रंग ही तुलनेने क्षुल्लक बाब आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. टपावर बसते ती जाड राख. तिच्यापेक्षा बारीक कण टपावर थांबत नाहीत, ते श्वासातून थेट फुप्फुसात उतरतात. मोटार धुता येते, फुप्फुस नाही. म्हणूनच टपावरील करड्या थराकडे केवळ घाण म्हणून न पाहता, हवेने दारात आणून ठेवलेला पुरावा म्हणून पाहिले पाहिजे.