मालवाहू विमानांच्या नशिबी ढाल उशिराच

वाशीम, विशेष प्रतिनिधी – रिसोड, मानोरा किंवा मंगरुळपीर तालुक्यातील एखादा मुलगा सैन्यात भरती होतो, तेव्हा घरच्यांना धास्ती असते ती सीमेवरच्या गोळीची. त्या सीमेपर्यंत त्याला पोहोचविणाऱ्या वाहनाचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. लेह, श्रीनगर किंवा अरुणाचलातील मेंचुका येथे जवान, रेशन, दारूगोळा आणि औषधे नेतात ती वायुदलाची मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे. जखमींना आणि हुतात्म्यांच्या पार्थिवांना माघारी आणतात तीही तीच. युद्ध सुरू झाले म्हणजे या विमानांच्या फेऱ्या थांबत नाहीत, उलट वाढतात. मात्र शत्रूच्या माऱ्यापासून त्यांचा बचाव करणारी साधने त्यांच्यावर बसविण्याची वेळ आली, की ती विमाने रांगेत नेहमी शेवटी उभी असतात. गेल्या काही दशकांतील घटना एकापुढे एक मांडल्या तर हा योगायोग नाही, हे ध्यानात येते.

२७ फेब्रुवारी २०१९ चा दिवस आठवावा. आदल्या दिवशी बालाकोटवर हल्ला झाला होता आणि त्या सकाळी पाकिस्तानी विमाने राजौरी-नौशेरा भागात आली होती. देशाचे लक्ष आकाशातील लढाऊ विमानांच्या झटापटीकडे आणि विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्याकडे लागले होते. त्याच सुमारास श्रीनगरहून उडालेले एमआय-१७ व्ही५ हे वाहतूक हेलिकॉप्टर अवघ्या दहा मिनिटांत बडगाम जिल्ह्यात कोसळले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक असे सात जण मृत्युमुखी पडले. मृतांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सुरुवातीला ही बातमी ‘अपघात’ म्हणून आली आणि दोन परिच्छेदांत संपली.

तो अपघात नव्हता. हेलिकॉप्टर पाडले होते ते आपल्याच श्रीनगर तळावरून सुटलेल्या, इस्रायली बनावटीच्या ‘स्पायडर’ क्षेपणास्त्राने. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. म्हणजे घटनेनंतर सात महिन्यांहून अधिक काळाने. दरम्यान लोकसभेची निवडणूकही होऊन गेली होती.

चौकशीतून जे बाहेर आले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रत्येक लष्करी विमानावर ‘आयएफएफ’ म्हणजे शत्रू-मित्र ओळख यंत्रणा असते. जमिनीवरील रडार सांकेतिक भाषेत ‘कोण?’ असे विचारते आणि विमानावरील यंत्र आपोआप ‘आपला’ असे उत्तर देते. बडगामच्या हेलिकॉप्टरवरील ही यंत्रणा त्या वेळी बंद होती आणि जमिनीवरील यंत्रणा व हेलिकॉप्टर यांच्यात संपर्काचाही घोळ होता. साधन विमानावर असले तरी ते केव्हा चालू ठेवायचे याचा हुकूम पक्का नसेल, किंवा तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी नसेल, तर साधन असून नसल्यासारखेच. २०२३ मध्ये जनरल कोर्ट मार्शलने श्रीनगर तळाच्या तत्कालीन मुख्य परिचालन अधिकाऱ्याच्या बडतर्फीची शिफारस केली; प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. व्यक्तीची जबाबदारी ठरविणे योग्यच आहे. परंतु सहा जणांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर युद्धजन्य आकाशात ओळख न सांगता उडू शकते, ही व्यवस्था एका अधिकाऱ्याने एकट्याने निर्माण केलेली नसते.

आता वीस वर्षे मागे जाऊ. २६ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये वायुदलाची ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली. २८ मे रोजी तोलोलिंगवर रॉकेटांचा मारा करण्यासाठी एमआय-१७ हेलिकॉप्टरांची तुकडी गेली. मुळात माणसे आणि सामान वाहण्यासाठी असलेले हे हेलिकॉप्टर लढाईला जुंपले होते. त्यांपैकी शेवटच्या हेलिकॉप्टरवर खांद्यावरून डागलेले ‘स्टिंगर’ क्षेपणास्त्र आदळले आणि चारही कर्मचारी धारातीर्थी पडले. त्या एका हेलिकॉप्टरवर ‘फ्लेअर’ सोडणारी यंत्रणा नव्हती.

फ्लेअर म्हणजे काय, हे दिवाळीतील भुईनळा पाहिलेल्यास सहज समजेल. स्टिंगरसारखे क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येते. विमानातून मॅग्नेशियमसारख्या द्रव्याचे धगधगते गोळे बाहेर फेकले, की क्षेपणास्त्राला ते इंजिनाहून अधिक तप्त दिसतात आणि ते त्यांच्या मागे भरकटते. ही काही गुप्त विद्या नाही. सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात १९८०च्या दशकात याच स्टिंगरपुढे हेलिकॉप्टरे गमावून हा धडा घेतला होता आणि आपली एमआय-१७ त्याच सोव्हिएत बनावटीची. कारगिलच्या शिखरांवर घुसखोरांच्या हाती अशी क्षेपणास्त्रे आहेत, याचाही पुरावा आधीच मिळाला होता. २१ मे रोजी टेहळणीवर गेलेल्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागून ते कसेबसे परतले होते. पुढच्या आठवडाभरात फ्लेअर नसलेले हेलिकॉप्टर त्याच आकाशात गेले. या घटनेनंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली.

येथे एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कारगिलसारख्या उंचीवर हवा विरळ असते, इंजिनाची ताकद घटते आणि प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागतो. चिलखती पत्रे, फ्लेअरची नळकांडी, इशारा देणारी यंत्रे या सगळ्यांचे वजन होते आणि तेवढा माल किंवा तेवढी माणसे खाली ठेवावी लागतात. लढाई ऐन भरात असताना वरच्या चौकीवर रेशन पोहोचविणे आणि विमानाचा बचाव यांत निवड करणे सोपे नाही. पण ही निवड शांततेच्या काळात, कागदावर आकडे मांडून करायची असते. ती ऐनवेळी तळावरच्या अधिकाऱ्यावर सोपविली, की उत्तर नेहमी एकच येते : जाऊन या.

बचावाची साधने नसलेली हेलिकॉप्टरे थांबली तर केवळ त्यांच्या कर्मचाऱ्यांचेच प्राण जातात असेही नाही. श्रीलंकेत ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेने जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री एमआय-८ हेलिकॉप्टरांतून जवान उतरविण्यास प्रारंभ केला. ‘लिट्टे’च्या गोळीबाराने हेलिकॉप्टरांची इतकी चाळण झाली की पुढच्या फेऱ्या बंद कराव्या लागल्या. तोपर्यंत खाली उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांना कुमक मिळाली नाही. त्यांतील २९ जण मारले गेले आणि एक कैद झाला.

विदर्भातील वाचकाला जाफना दूरचे वाटेल, म्हणून जवळचे उदाहरण. गडचिरोलीला लागून, इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा आहे. तेथे १४ नोव्हेंबर २००८ रोजी विधानसभा निवडणुकीच्या मतदान पथकाला आणण्यासाठी गेलेल्या वायुदलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळीबार केला आणि त्यातील सार्जंट असलेला फ्लाइट इंजिनिअर ठार झाला. तेथे क्षेपणास्त्र नव्हते, साधी रायफलीची गोळी होती. तिला अडवायला यंत्रमानवाची अक्कल लागत नाही, योग्य जागी बसविलेला गोळीरोधक पत्रा लागतो. पुढच्याच वर्षी तत्कालीन वायुदलप्रमुख, नागपूरचे सुपुत्र एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक यांनी नक्षलग्रस्त भागात स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तराचा प्रश्न लावून धरला. हेलिकॉप्टरांत बंदुका आणि वायुदलाचे ‘गरुड’ कमांडो दिसू लागले ते त्यानंतर. तरीही १८ जानेवारी २०१३ रोजी सुकमा जिल्ह्यात गोळ्या लागलेले एमआय-१७ जंगलातच उतरवावे लागले.

आधी मृत्यू, मग साधन, हा क्रम केवळ आपल्याच देशाचा आहे असे नव्हे. ३० जानेवारी २००५ रोजी इराकमध्ये बगदादहून बलदकडे निघालेले ब्रिटिश वायुदलाचे हर्क्युलिस मालवाहू विमान जमिनीवरील माऱ्याने पडले आणि दहा जण ठार झाले. मारा पंखातील इंधनाच्या टाकीला लागला, टाकीत साठलेल्या वाफेचा स्फोट झाला आणि पंख तुटला. टाकीत विशिष्ट प्रकारचा फोम भरला असता तर असा स्फोट रोखता येतो. स्पंजासारखा हा पदार्थ ज्वालेला टाकीभर पसरू देत नाही. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवानंतर आपल्या हर्क्युलिसांत तो भरला होता. ब्रिटिश वायुदलातील जाणकारांनीही त्याची मागणी आधीच केली होती. विमानाच्या किमतीपुढे फोमचा खर्च किरकोळ. परंतु तो ‘अग्रक्रमा’त बसला नाही. दहा जण गेल्यावर मात्र तो बसविण्यात आला.

त्यापुढचा भाग आपल्यासाठी अधिक बोधक आहे. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची उघड न्यायचौकशी होते. नातेवाईक तेथे बसतात, त्यांचे वकील प्रश्न विचारतात, वायुदलाचे अधिकारी शपथेवर उत्तरे देतात. २००८ मध्ये कॉरोनर डेव्हिड मास्टर्स यांनी यंत्रणेचे गंभीर अपयश असा स्पष्ट ठपका ठेवला. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडला, हे त्या दहा कुटुंबांना समजले. आपल्याकडे ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’चा अहवाल गोपनीय राहतो. त्यातील काय बाहेर येते ते वृत्तपत्रांतून, तुकड्यातुकड्यांनी. आणि कुटुंबीयांना ते दूरचित्रवाणीवरून समजते. तांत्रिक गुपिते जपलीच पाहिजेत, त्याविषयी वाद नाही. पण ‘या विमानावर अमुक साधन मंजूर होते आणि ते बसविलेले नव्हते’ एवढे सांगण्याने शत्रूला कोणते गुपित मिळते?

जे थोडेफार कागदोपत्री उजेडात येते ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांमुळे. एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या आधुनिकीकरणाचा प्रस्ताव २००२ चा, म्हणजे कारगिलनंतर तीन वर्षांनी आलेला. त्याचा करार झाला जानेवारी २०१७ मध्ये. ‘कॅग’ने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात म्हटले, की १८ वर्षांनंतरही आधुनिकीकरण झालेले नाही आणि ही हेलिकॉप्टरे मर्यादित क्षमतेनेच उडत आहेत. संसदेत त्या अधिवेशनात गदारोळ झाला तो कृषी विधेयकांवरून. हेलिकॉप्टरांचे पान उलटले गेले.

एएन-३२ विमानांची कथा याहून वेगळी नाही. १९८०च्या दशकात सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला. २०१४ मध्ये क्रिमियाचा प्रश्न पेटला आणि काम रखडले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेंचुकाला निघालेले एएन-३२ तेरा जणांसह बेपत्ता झाले. अवशेष दिसायला आठ दिवस लागले. पडल्यावर आपले ठिकाण कळविणारे त्यावरील संकेतयंत्र ज्या जातीचे होते, तिचे उत्पादन २००५ मध्येच थांबलेले होते. हा काही युद्धाचा प्रसंग नव्हता. परंतु ज्या विमानांना चीनच्या सीमेवर युद्धकाळात सैन्य पोहोचवायचे आहे, त्यांचे शांततेतले साहित्य असे असेल तर युद्धातले कसे असेल, याचा अंदाज बांधता येतो.

याउलट अमेरिकेकडून घेतलेली सी-१३०जे आणि सी-१७ ही विमाने आली ती क्षेपणास्त्राचा इशारा देणाऱ्या आणि त्याला चकविणाऱ्या यंत्रणांसह, कारण त्या मूळ करारातच होत्या. त्याचा उपयोगही दिसला. एप्रिल २०२३ मध्ये सुदान पेटलेला असताना सी-१३०जे विमानाच्या वैमानिकांनी खार्तूमजवळच्या वादी सैयिदना येथील खराब धावपट्टीवर, दिवे नसताना, रात्री दिसणाऱ्या चष्म्यांच्या आधारे विमान उतरवून १२१ जणांना बाहेर काढले. शौर्य त्यांचेच; पण ते शौर्य सिद्धीस नेणारी साधने सोबत होती. म्हणजे एकाच वायुदलात दोन प्रकारचे कर्मचारी आहेत : नव्या परदेशी विमानांवरचे, ज्यांची ढाल करारात लिहिलेली असते आणि जुन्या विमानांवरचे, ज्यांची ढाल ‘पुढच्या टप्प्यात’ येणार असते. जवानांची रोजची ने-आण मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या प्रकारच्या विमानांतून होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. त्यांतील ४० विमाने देशातच बांधायची आहेत आणि सर्व ५६ विमानांवर देशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक युद्धसंरक्षण यंत्रणा बसविण्याची घोषणा त्याच वेळी सरकारने केली. विदर्भाला हा प्रकल्प आठवत असेल तो वेगळ्या कारणाने. २०२२ च्या ऑक्टोबरात तो नागपूरच्या ‘मिहान’ऐवजी वडोदऱ्याला गेल्यावरून राज्यात आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. रोजगार कोणाचा गेला यावर महिनाभर चर्चा झाली. त्या विमानात बसणाऱ्यांच्या संरक्षणाचे काय ठरले आहे, हे मुंबईत कोणी विचारले नाही आणि वाशीममध्येही नाही.

पुलवामाची आठवण या भागात अजून ओली आहे. १४ फेब्रुवारी २०१९ च्या त्या हल्ल्यात शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील नितीन राठोड आणि संजय राजपूत हे केंद्रीय राखीव पोलिस दलाचे जवान बसमधून जाताना हुतात्मा झाले. सातच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, केंद्रीय गृह मंत्रालयाने निमलष्करी दलांच्या सर्व जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गावर विमानप्रवासाची मुभा दिली. त्या आदेशासाठी लागणारा पैसा, विमाने आणि विमानतळ १३ फेब्रुवारीलाही होते.

संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती दरवर्षी वायुदलाच्या मागण्यांवर अहवाल देते. त्यात किती विमाने आली, किती येणार, याचे तक्ते असतात. किती वाहतूक विमाने आणि हेलिकॉप्टरांवर मंजूर संरक्षण साधने प्रत्यक्ष बसविली गेली आहेत, याचा एक रकाना त्यात वाढवावा, अशी मागणी विदर्भातील खासदारांना करता येण्याजोगी आहे. बनावटीचा तपशील नको, नुसती टक्केवारी पुरे. विमानांच्या देखभालीची सूत्रे हलतात ते वायुदलाचे मेंटेनन्स कमांड तर नागपुरातच आहे.